गाडीत नवी उपकरणे बसवल्यानंतर उद्भवणारे विजेचे दोष : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फॉग लाइट, जोड हॉर्न, डॅशकॅम, मागचा कॅमेरा, म्युझिक सिस्टिम, एलईडी बल्ब, जीपीएस ट्रॅकर यांपैकी काहीतरी आपण बाहेरून बसवून घेतो आणि काही दिवसांनी, कधी काही महिन्यांनी, गाडी विचित्र वागू लागते. अशा वेळी वाहनमालक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. १२ व्होल्टची बॅटरी असलेल्या चारचाकी आणि दुचाकी, दोन्ही गृहीत धरल्या आहेत.

नवीन वस्तू बसवली आणि दोष सुरू झाला. तपासणी कुठून सुरू करावी?

जी वस्तू सर्वांत शेवटी बसवली, तिच्यापासून सुरू करावी. मात्र नुसते उपकरण बंद करणे किंवा त्याचा कपलर (वायरी जोडणारा प्लॅस्टिकचा प्लग) काढणे पुरेसे नसते, कारण उपकरण गेले तरी त्याच्यासाठी मूळ वायरिंगला मारलेला जोड तसाच राहतो आणि दोष बहुतेक वेळा त्या जोडातच असतो. माझ्या अनुभवात दहापैकी आठ-नऊ वेळा उपकरण निर्दोष निघते. वीज कुठून घेतली आणि ती परत कुठे सोडली, म्हणजेच पुरवठ्याचा जोड आणि अर्थचा जोड, या दोनच जागी तक्रारीचे मूळ सापडते. म्हणून आधी उपकरणाचा फ्यूज काढावा. दोष गेला नाही, तर वायर मूळ वायरिंगपासून पूर्ण सोडवून उघडी टोके झाकावीत आणि दोन-तीन दिवस गाडी चालवून पाहावी.

त्याआधी एका कागदावर लिहून काढावे: दोष चावी बंद असताना दिसतो की चालू असताना, ब्रेक दाबल्यावर दिसतो की दिवे लावल्यावर, पाऊस पडून गेल्यावर वाढतो का, इंजिनाचा वेग वाढवला की बदलतो का. हा कागद कारागिराच्या हाती दिला, तर त्याचे निम्मे काम वाचते.

गाडी दोन-तीन दिवस उभी राहिली की बॅटरी उतरते. बॅटरी खराब झाली असे समजावे का?

लगेच समजू नये. एक साधा मल्टीमीटर घ्यावा आणि गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, सकाळी सेल्फ मारण्याआधी, बॅटरीच्या दोन टोकांवर व्होल्ट मोजावेत. सुमारे १२.६ व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे साधारण निम्मी आणि १२ च्या खाली म्हणजे बरीच रिकामी. मग इंजिन सुरू करून पुन्हा मोजावे. बहुतेक गाड्यांत हा आकडा १३.८ ते १४.५ च्या दरम्यान असतो. तो वाढतच नसेल, तर दोष अल्टरनेटरच्या (इंजिनावर चालून वीज तयार करणाऱ्या यंत्राच्या) बाजूला आहे आणि नव्या उपकरणाला दोष देण्यात अर्थ नाही. (काही नव्या गाड्यांत संगणक अल्टरनेटरचा दाब मुद्दाम कमी-जास्त करतो. तिथे एका मोजणीवरून निष्कर्ष काढू नये.)

चार्जिंग ठीक असूनही बॅटरी उतरत असेल, तर गाडी बंद असताना कोणीतरी वीज पीत आहे. ती अशी मोजावी: सर्व दिवे बंद करावेत, चावी काढावी, बॅटरीच्या निगेटिव्ह टोकाची वायर सोडवावी आणि ते टोक व वायर यांच्या मध्ये मीटर जोडावा. मीटरची लाल तार १० अॅम्पिअरच्या भोकात असावी. दार उघडे ठेवायचे असेल, तर त्याचे कुलूप स्क्रूड्रायव्हरने बंद स्थितीत ढकलून ठेवावे, म्हणजे गाडीला दार बंद आहे असे वाटेल. मीटर जोडलेला असताना सेल्फ कधीही मारू नये, मीटरचा फ्यूज तत्काळ उडतो. आता निदान अर्धा तास थांबावे, कारण आधुनिक गाडीतले संगणक एकेक करून झोपी जातात. घाई करणाऱ्याला सुरुवातीचा मोठा आकडा दिसतो आणि तो चुकीच्या वाटेला लागतो.

सगळे शांत झाल्यावर साधारणपणे ५० मिलीअॅम्पिअरच्या आत आकडा यायला हवा. समजा तो ३०० मिलीअॅम्पिअर, म्हणजे ०.३ अॅम्पिअर आला. दिवसाला ७.२ अॅम्पिअर-तास गेले. लहान हॅचबॅकमध्ये ३५ अॅम्पिअर-तासांची बॅटरी असते, म्हणजे तीन दिवसांत २१ पेक्षा जास्त गेले आणि चौथ्या सकाळी सेल्फ नुसता टकटक करतो. बॅटरी नवी असली तरी हेच होईल.

आता एकेक फ्यूज काढत जावे आणि कोणत्या फ्यूजला आकडा पडतो ते पाहावे. येथे एक गोष्ट हमखास सुटते. बाहेरून बसवलेली उपकरणे बऱ्याचदा थेट बॅटरीवरून घेतलेली असतात, त्यामुळे फ्यूजबॉक्समधले सगळे फ्यूज काढले तरी आकडा हलत नाही. अशा वेळी बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकावर किती वायरी आल्या आहेत ते पाहून त्यांतली मूळची नसलेली प्रत्येक वायर सोडवावी.

बंद गाडीत वीज पिणारी उपकरणे सहसा कोणती असतात?

पार्किंगमध्ये चालू राहणारा डॅशकॅम, कायम पुरवठ्यावर जोडलेली म्युझिक सिस्टिम, जीपीएस ट्रॅकर, स्टेअरिंगखालच्या निदान-सॉकेटमध्ये खोचून विसरलेला ब्लूटूथ अडॅप्टर आणि ज्याची चालू-बंदची निळी वायर चुकून कायम पुरवठ्याला लागली आहे असा अॅम्प्लिफायर. रिलेचे (विजेवर चालणाऱ्या स्विचचे) टोक चिकटून बसले तरी हेच घडते. तो रिले बंद गाडीतही हाताला कोमट लागतो.

डॅशकॅमला पार्किंगची सोय हवीच असेल, तर ठरावीक व्होल्टच्या खाली पुरवठा तोडणारी वायरिंग किट घ्यावी आणि तिची मर्यादा १२.२ च्या आसपास ठेवावी. रोज दहा-पंधरा मिनिटेच गाडी चालवणाऱ्यांनी मात्र पार्किंगची सोय बंदच ठेवावी. रात्रभरात गेलेली वीज तेवढ्या फेरीत भरून निघत नाही.

म्युझिक सिस्टिम बसवल्यापासून घड्याळ आणि रेडिओ स्टेशने रोज पुसली जातात.

बहुतेक सिस्टिममध्ये पिवळी वायर कायम पुरवठ्याची, लाल वायर चावीवर येणाऱ्या पुरवठ्याची आणि काळी अर्थची असते. पिवळी व लाल यांची अदलाबदल झाली की आठवण पुसली जाते. दोन्ही एकत्र पिळून कायम पुरवठ्यावर दिल्या, तर घड्याळ टिकते, पण बॅटरी उतरते. दोन्ही आपापल्या जागी नेणे एवढाच उपाय आहे.

फ्यूज वारंवार उडतो. मोठा फ्यूज टाकला तर चालेल का?

नाही. या एका प्रश्नावर मी कधीच मवाळ उत्तर देत नाही. फ्यूज उपकरणाच्या रक्षणासाठी नसतो, तो वायरच्या रक्षणासाठी असतो. १० अॅम्पिअरसाठी ओढलेल्या वायरवर ३० चा फ्यूज टाकला, तर बिघाड झाल्यावर फ्यूज टिकतो आणि वायरच फ्यूज होऊन जळते, तीही डॅशबोर्डच्या मागे, जिथे हात पोचत नाही. पात्याच्या फ्यूजचे रंग ठरलेले आहेत: १० लाल, १५ निळा, २० पिवळा, ३० हिरवा. फ्यूजबॉक्सच्या झाकणावर लाल लिहिले असेल आणि आत हिरवा बसवलेला दिसला, तर कोणीतरी आपल्या आधी हा उद्योग केला आहे असे समजून त्या वायरीची पूर्ण तपासणी करावी.

फ्यूज उडण्याचे कारण शोधताना सीटच्या रुळाखाली किंवा दाराच्या रबरात चेपलेली वायर आधी पाहावी. दुसरे नेहमीचे कारण जास्त वॅटचे बल्ब. कंपनीचा एच-४ बल्ब ६०/५५ वॅटचा असतो आणि सुमारे ५ अॅम्पिअर घेतो. त्याच जागी १००/९० चा बल्ब बसवला की अप्परला तोच आकडा ८ च्या वर जातो. दोन्ही बाजू मिळून साडेसोळा अॅम्पिअर मूळ स्विचमधून आणि बारीक वायरींतून जाऊ लागतात. फ्यूज नाही उडाला तर कपलर पिवळा पडून वितळतो.

फ्यूज बरोबर आकड्याचा असेल, तर वायर तापण्याची भीती नाही ना?

आहे, आणि ही बाब फार कमी लोकांच्या लक्षात येते. फ्यूज फक्त प्रवाह ओळखतो, सैल जोड ओळखत नाही. नुसती पिळून टेप गुंडाळलेल्या जोडाचा रोध ०.२ ओहम झाला आणि त्यातून १० अॅम्पिअर वाहू लागले, तर त्या एका बिंदूवर २० वॅट उष्णता तयार होते. साधी सोल्डरिंग आयर्न साधारण २५ वॅटची असते, यावरून कल्पना यावी. प्रवाह १० अॅम्पिअरच असल्यामुळे १५ चा फ्यूज शांत बसून राहतो. म्हणून जोड लग (वायरीच्या टोकावरची धातूची टोपी) दाबून किंवा सोल्डर करून घ्यावा, त्यावर उष्णतेने आकसणारी नळी चढवावी आणि जोडाच्या दोन्ही बाजूंना वायर घट्ट बांधावी, म्हणजे गाडीच्या थरथरीचा ताण जोडावर येत नाही.

रिले खरोखर लागतो का? किट नसेल तर रिले कसा जोडतात?

जोड हॉर्न, फॉग लाइट आणि जास्त प्रवाह घेणाऱ्या कोणत्याही वस्तूला लागतो. रिले म्हणजे लहान प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच. ८५ आणि ८६ ही त्याच्या कॉइलची टोके: एकाला अर्थ आणि दुसऱ्याला मूळ स्विचवरून येणारी इशाऱ्याची वायर. ३० वर बॅटरीकडून जाड वायर आणि ८७ वरून उपकरणाकडे. कॉइल अॅम्पिअरच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी घेते, त्यामुळे मूळ स्विचवर भार येत नाही. बॅटरीकडून निघणाऱ्या वायरवरचा फ्यूज बॅटरीपासून एका वितीच्या आत असावा. तो रिलेजवळ बसवला, तर बॅटरी ते रिले एवढी वायर कोणत्याही संरक्षणाविना बॉनेटखाली फिरते.

वायरीची जाडी अंदाजाने ठरवू नये. एक चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या ५ मीटर वायरीतून १० अॅम्पिअर नेले, तर जवळजवळ ०.९ व्होल्ट वायरीतच खर्च होतात आणि दिवे पिवळसर पडतात. तीच वायर अडीच चौरस मिलिमीटरची घेतली, तर गळती ०.३५ व्होल्टवर येते.

ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणतो, रिव्हर्स टाकला की मागचे दिवे मंद होतात. असे का?

दोन असंबद्ध वस्तू एकमेकींना प्रतिसाद देऊ लागल्या, की कारण जवळजवळ नेहमी अर्थ असते. दिव्यातून गेलेली वीज बॉडीमार्गे बॅटरीकडे परत जायला हवी. तो मार्ग खराब झाला, की ती शेजारच्या दिव्याच्या फिलामेंटमधून उलटी वाट काढते आणि तो दिवा अर्धवट पेटतो.

माझ्या स्वतःच्या गाडीत हे घडले आहे. मागचा कॅमेरा बसवताना कारागिराने उजव्या मागच्या दिव्याची अर्थ वायर सोलून तिच्यावर कॅमेऱ्याची वायर पिळली होती. उन्हाळाभर काही कळले नाही. जुलैमध्ये कोकणात आठवडाभर मुक्काम झाला आणि परतताना ब्रेक दाबला, की उजवा इंडिकेटर पेटल्यासारखा दिसू लागला. डिकीच्या आतले आवरण काढून टेप सोडवला, तर टेपचा गोंद डांबरासारखा बोटांना चिकटला आणि आतली तांब्याची तार हिरवी झालेली होती. चिमटीत धरून जरा वाकवताच तिचा भुगा खाली पडला. कॅमेरा मात्र आजही उत्तम चालतो.

अर्थ तपासण्यासाठी मीटर व्होल्टवर ठेवावा, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरे दिव्याच्या अर्थ वायरीला लावून दिवा पेटवावा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसले, तर मार्ग खराब आहे. दिवा बंद ठेवून केलेली मोजणी उपयोगाची नाही, कारण प्रवाह वाहत नसेल तर कुजलेली वायरही चांगली दिसते. नवा अर्थ बॉडीवर घेताना बोल्टखालचा रंग खरवडून चकचकीत धातू काढावा, गोल लग घट्ट आवळावा आणि वरून ग्रीस किंवा रंगाचा हात द्यावा. प्लॅस्टिक आवरणाचा स्क्रू हा अर्थ नव्हे.

मोटारसायकलला एलईडी इंडिकेटर बसवले. आता ते फार भरभर लुकलुकतात, किंवा चारही एकदम लागतात.

या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. भरभर लुकलुकणे फ्लॅशरमुळे, म्हणजे इंडिकेटर चालू-बंद करणाऱ्या भागामुळे, होते. जुना फ्लॅशर १०-१० वॅटच्या दोन बल्बांच्या भाराची अपेक्षा करतो. एलईडी जेमतेम एक-दोन वॅट घेतो, त्यामुळे एखादा बल्ब गेला आहे असा समज होऊन फ्लॅशर वेग वाढवतो. भारावर अवलंबून नसलेला एलईडी फ्लॅशर बसवणे हा सरळ उपाय. काही जण समांतर रोधक जोडतात. तो चालतो, पण इतका तापतो की प्लॅस्टिकला टेकला तर खड्डा पाडतो.

चारही एकदम लागण्याचे कारण हँडलजवळच्या मीटरमध्ये (स्पीडोमीटरमध्ये) असते. अनेक मोटारसायकलींत दोन्ही बाजूंसाठी मिळून मीटरमध्ये एकच बल्ब असतो आणि त्याचे एक टोक डाव्या, दुसरे उजव्या इंडिकेटरला जोडलेले असते. डावा इंडिकेटर लावला, की वीज या बल्बातून उजवीकडे जाऊन तिथल्या बल्बांमार्गे अर्थ गाठते. फिलामेंटचे बल्ब तेवढ्या थेंबभर प्रवाहाने पेटत नाहीत, एलईडी पेटतात. फ्लॅशर कितीही बदलला तरी ही तक्रार जात नाही. मीटरच्या बल्बाचे एक टोक अर्थ करून दुसऱ्या टोकाला दोन्ही बाजूंची वायर एकेका डायोडमधून (वीज एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागातून) द्यावी. दोन रुपयांच्या दोन डायोडांनी काम होते.

दुचाकीला फॉग लाइट बसवल्यापासून बॅटरी कमजोर वाटते.

दुचाकीच्या मॅग्नेटोची, म्हणजे इंजिनावर वीज तयार करणाऱ्या भागाची, क्षमता मोजकीच असते आणि ती इंजिनाच्या वेगावर अवलंबून असते. ४० वॅटचे दोन दिवे म्हणजे सुमारे ६ अॅम्पिअर जादा. एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन चालू असेपर्यंत पेटताच राहतो, त्यामुळे तो भार आधीच आहे. सिग्नलवर, घाटातल्या खोळंब्यात, मंद गतीत मॅग्नेटो हे सगळे पुरवू शकत नाही आणि तूट बॅटरीतून जाते. दिवे लावून मंद गतीत बॅटरीवर मोजावे. १३ च्या खाली आकडा घसरत असेल, तर कमी वॅटचे दिवे घ्यावेत. मोठी बॅटरी घेतल्याने मॅग्नेटोची वीज वाढत नाही.

जुन्या काही दुचाकींचा हेडलाइट थेट मॅग्नेटोच्या एसी पुरवठ्यावर चालतो. तिथे एलईडी बल्ब लावला, तर तो थरथरतो. आधी तो पुरवठा डीसी करून घ्यावा लागतो.

कारला एलईडी हेडलाइट बल्ब लावले; ते लुकलुकतात, मीटरवर इशारा येतो आणि एफएम खरखरते.

बऱ्याच नव्या गाड्यांचा संगणक बल्बाचा प्रवाह मोजत असतो आणि वीज अखंड न देता अतिवेगाने तोडून देतो. फिलामेंटला ते जाणवत नाही, एलईडीला जाणवते. त्यासाठीचा डीकोडर मिळतो, परंतु खरखर बल्बामागच्या ड्रायव्हरमधून (एलईडीला वीज पुरवणाऱ्या सर्किटमधून) येते आणि स्वस्त बल्बांत ती थांबवणे कठीण असते. हॅलोजनसाठी घडवलेल्या परावर्तकात असा बल्ब प्रकाश भलतीकडे फेकतो आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपवतो. मी स्वतः हे बल्ब बसवू नयेत असेच सांगतो. मूळ ६०/५५ चे चांगले बल्ब आणि रिले घातलेली स्वतंत्र वायरिंग यांनी प्रकाश स्पष्टपणे वाढतो.

स्पीकरमधून शिट्टीसारखा आवाज येतो आणि अॅक्सिलरेटर दाबला की तो चढतो.

हा अल्टरनेटरचा आवाज असून म्युझिक सिस्टिम व अॅम्प्लिफायर वेगवेगळ्या ठिकाणी अर्थ केल्यामुळे तो आत शिरतो. अॅम्प्लिफायरचा अर्थ आखूड आणि जाड वायरीने घ्यावा. सिग्नलच्या वायरी गाडीच्या एका कडेने आणि पुरवठ्याची जाड वायर दुसऱ्या कडेने न्यावी.

इंजिन, एबीएस किंवा एअरबॅगचा दिवा लागला. गाडी चालवावी का?

एअरबॅगच्या वायरी आणि कपलर बहुधा पिवळ्या वेष्टणात असतात. त्यांना मीटरही लावू नये, टेस्ट लॅम्प तर मुळीच नाही, आणि गाडी थेट अधिकृत सेवा केंद्रात न्यावी. इंजिनाचा दिवा कधी कधी कमी व्होल्टमुळेच लागतो, पण सेन्सरच्या वायरीवरून कोणी पुरवठा घेतला असेल, तर संगणक चुकीचे वाचन घेतो. कपलर टोचून वीज शोधायला टेस्ट लॅम्पऐवजी मल्टीमीटर वापरावा. फ्यूजबॉक्समधून वीज घ्यायची असेल, तर एबीएस, एअरबॅग आणि इंजिनाचे फ्यूज सोडून पॉवर सॉकेटसारखा बिनमहत्त्वाचा फ्यूज निवडावा.

बॅटरीवर थेट अर्थ घेतला तर अधिक चांगला नाही का?

जुन्या गाडीत हरकत नाही. सिग्नलवर इंजिन आपोआप बंद होणाऱ्या गाड्यांत निगेटिव्ह टोकावर एक सेन्सर बसवलेला असतो. तो आत-बाहेर जाणाऱ्या विजेचा हिशेब ठेवतो. आपली वायर सेन्सरच्या अलीकडे, थेट टोकावर जोडली, तर तेवढी वीज हिशेबात येत नाही आणि गाडीला बॅटरी भरलेलीच वाटत राहते. अशा गाडीत अर्थ बॉडीवरच घ्यावा. बॅटरी सोडवताना आधी निगेटिव्ह काढावी, जोडताना ती शेवटी जोडावी.

वॉरंटी, विमा आणि कायदा यांचे काय?

मूळ वायर कापलेली दिसली, की त्या भागाची वॉरंटी नाकारली जाण्याची शक्यता असते, म्हणून कपलरमध्ये बसणारी जोडवायरिंग वापरावी. बाहेरून बसवलेल्या विद्युत उपकरणांची नोंद विमा घेताना करून द्यावी. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाहीत, आणि केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ चा नियम ११९ निरनिराळे सूर काढणाऱ्या व कर्कश हॉर्नना मनाई करतो.

चालत्या गाडीत जळका वास आला तर?

लगेच कडेला घ्यावे, चावी बंद करून सर्वांना उतरवावे. वास बंद झाला, तर नव्या उपकरणाचा फ्यूज काढावा आणि तो पुन्हा न घालता सावकाश जवळच्या कारागिराकडे जावे. चावी बंद करूनही धूर येत राहिला, तर वायर थेट बॅटरीवरून आलेली आहे. बॉनेट फटीएवढे उघडून पाहावे. आतून ज्वाळा किंवा दाट धूर येत असेल, तर ते पूर्ण उघडू नये, दूर जावे आणि १०१ किंवा ११२ वर फोन करावा. तसे नसेल, तरच बॅटरीचे निगेटिव्ह टोक सोडवावे. त्यासाठी लागणारा १० नंबरचा पाना डिकीत सामानाखाली न ठेवता चालकाच्या दारातल्या कप्प्यात ठेवावा.